आज कुणाकडे जायचं? सिंधुदुर्गातील एका आरोग्य संस्थेच्या नोंदवह्यांचं प्रकरण

संस्थेची ओळख पटू नये म्हणून गावांची नावं दिलेली नाहीत आणि आकडे बदलले आहेत. आकड्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं मात्र जुळती ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीलगत दोन तालुक्यांत काम करणारा हा एक छोटा धर्मादाय न्यास. कार्यालयात तीन माणसं, आठवड्यातून दोन दिवस येणारे डॉक्टर आणि वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या १२ आरोग्य कार्यकर्त्या. संस्थेत आणि गावातही त्यांना सगळे ‘ताई’च म्हणतात. काम एकच, पण चिकाटीचं: रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांच्या घरी महिन्यातून एकदा जायचं, रक्तदाब मोजायचा, गोळ्या आहेत का ते बघायचं आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवायचं.

कोकणात हे काम का अवघड जातं, ते घाटावरच्या संस्थांना पटकन कळत नाही. गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. खाडीकाठची एक वाडी, मधल्या उतारावरच्या दोन, वर सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) एक, आणि मध्ये पाणंद, वहाळ, काजूच्या बागा. खाली खाडीकाठी मोबाइलला रेंज नाही, सड्यावर चढलं की येते. घरात म्हातारी माणसं, मुलं मुंबईत. गणपतीत मुलं येतात आणि परतताना बऱ्याचदा आईला किंवा वडिलांना दोन-तीन महिन्यांसाठी सोबत नेतात. लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही. मच्छीमार वाडीतले पुरुष जून-जुलैच्या मासेमारी बंदीत भेटतात, एरवी भेटले तर नशीब.

सरकारी यंत्रणाही याच कामात आहे. उच्च रक्तदाबाच्या पाठपुराव्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात, आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचे तपासणी फॉर्म भरतात. संस्थेचं काम त्याला जोड म्हणून, मुख्यतः ज्यांना केंद्रापर्यंत चालवत नाही त्यांच्यासाठी.

अडचण कशी पुढे आली

निधी देणाऱ्या कंपनीने सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या) वार्षिक आढाव्यात विचारलं, “तुमच्याकडच्या किती टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आहे?” संस्थेने उत्तर दिलं, ६८. कंपनी खूश झाली आणि म्हणाली की पुढच्या वर्षी ‘डिजिटल’ करा, ॲपसाठी वेगळे पैसे देऊ. विश्वस्तांनी एका सॉफ्टवेअर कंपनीकडून दरपत्रक मागवलं आणि त्यावर दुसरं मत घ्यावं म्हणून बाहेरच्या तंत्रज्ञान सल्लागारांना बोलावलं.

सल्लागारांनी दरपत्रक बाजूला ठेवून आधी चार ताईंच्या नोंदवह्या मागितल्या. हा या प्रकरणातला पहिला बरा निर्णय, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्या वह्यांतच सापडलं.

एक पान उदाहरणादाखल घेऊ. रकाने सात: अनुक्रमांक, नाव, वय, तारीख, रक्तदाब, साखर, शेरा. रक्तदाबाच्या रकान्यात सलग अकरा ओळी १३०/८०. यंत्र डिजिटल होतं. डिजिटल यंत्राचं वाचन १२७, १३४, १४१ असं कसंही येतं आणि शंभरेक नोंदी पाहिल्या तर शेवटचा अंक शून्य असण्याचं प्रमाण दहात एकाच्या आसपास असायला हवं. सगळीकडे शून्य दिसत असेल तर आकडा गोल करून लिहिलाय, किंवा मोजलेलाच नाही. त्या ताईंना विचारल्यावर कळलं की यंत्राच्या बॅटऱ्या संपून दीड महिना झाला होता. बॅटऱ्या मागायला कार्यालयात यायचं तर एसटीचं भाडं पदरचं जायचं.

शेऱ्याचा रकाना मात्र सोन्यासारखा होता. ‘झिलाकडे मुंबयक’ (मुलाकडे मुंबईला), ‘गोळ्या केंद्रातून घेतात’, ‘चक्कर येते म्हणून गोळी बंद केली’, ‘वारले’. रुग्णाचं पुढे काय करायचं हे ठरवायला लागणारी जवळपास सगळी माहिती इथे होती आणि नेमका हाच रकाना कार्यालयात कुणी वाचत नव्हतं.

कागद फिरायचा तो असा. ताई वहीत लिहिणार. महिनाअखेरीला वहीवरून एक बेरजेचा तक्ता करणार: किती तपासण्या, किती जास्त, किती पाठवले. कार्यालयातला एक तरुण ते १२ तक्ते एक्सेलमध्ये चढवणार. त्यातून कंपनीच्या नमुन्यात अहवाल. म्हणजे नावं वहीतच राहायची आणि वर जायचे ते फक्त आकडे. महिनाभर कोण भेटलंच नाही, हे वरच्या कुठल्याच कागदावर उमटत नव्हतं. ताईंना स्वतःला ते ठाऊक असायचं, पण शंभर-सव्वाशे घरांपैकी कुणाला सत्तर दिवस झाले आणि कुणाला पस्तीस, हे डोक्यात राहणं अशक्य.

आता त्या ६८ टक्क्यांबद्दल. हिशोब बरोबर होता, छेद चुकीचा होता. समजा यादीत १०० जण आहेत. गेल्या तीन महिन्यांत ६० भेटले, त्यांतल्या ४२ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली. भेटलेल्यांत धरलं तर ७० टक्के, यादीत धरलं तर ४२. जे भेटले नाहीत त्यांनी गोळ्या सोडल्याची शक्यता जास्त असते. त्यांना हिशोबातून वगळलं की काम जितकं ढिलं, तितकी टक्केवारी देखणी होते.

वह्या उघडल्यावर निघालेल्या इतर गोष्टी

मागच्या दोन वर्षांच्या वह्यांतली नावं एकदाच संगणकावर घ्यायचं ठरलं. त्यात जे अडलं ते कुठल्याही मराठी संस्थेला उपयोगी पडेल, म्हणून जरा तपशिलात.

पहिला घोळ अंकांचा. काही ताई देवनागरी अंक लिहीत, काही इंग्रजी, तर काही एकाच ओळीत दोन्ही. घाईत लिहिलेला मराठी ४ नोंद करणाऱ्याला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नवासारखा. १४० चे १८० होतात आणि ज्याला काही झालेलं नाही तो तातडीच्या यादीत जाऊन बसतो. मोबाइल क्रमांकात असं झालं तर फोन तिसऱ्याच माणसाला लागतो.

दुसरा तारखांचा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल ०५/०८ म्हणजे ८ मे समजतं. १२ तारखेपुढच्या नोंदी त्याला तारीख म्हणून कळत नाहीत, त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी: रकान्यातल्या निम्म्या तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि निम्म्या उजवीकडे असतील तर काम बिघडलंय. उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नये, त्यांत दिवस-महिना उलटे झालेले असतात. इथे शेवटी तारखेचे तीन वेगळे रकाने केले, दिवस, महिना, वर्ष, आणि पूर्ण तारीख सूत्राने जोडली.

तिसरा लिपीचा. जुन्या याद्या श्रीलिपी आणि शिवाजी या फाँटमध्ये होत्या. फाँट बदलला की मजकुराचा चिवडा होतो, शोध चालत नाही, क्रमवारी लागत नाही. त्या युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांमध्ये बदलून घेतल्या. पण युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. ‘ॲ’ एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘अ’, मधला अदृश्य जोडक आणि अर्धचंद्र मिळूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ऱ्य’चंही तेच. गावांची नावं हाताने टाइप करणं त्याच दिवशी बंद झालं आणि निवडयादी आली. महसुली गावांना केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले संकेतांक वापरले. त्या निर्देशिकेत वाड्या नाहीत, म्हणून वाड्यांची यादी संस्थेने स्वतः केली.

चौथा आणि सगळ्यांत चिवट घोळ माणसांचा. एका वाडीत एकच आडनाव, त्यात तीन सुनंदा. जन्मतारखेवरून वेगळं करावं तर अनेकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी. वय अंदाजे, म्हणून ६०, ६५, ७० वर गर्दी. मोबाइल क्रमांक मुलाचा, तो मुंबईत, आणि एकाच क्रमांकावर आई, वडील आणि काकी. नावांची जुळणी करणारं एखादं सॉफ्टवेअर लावावं असा एक विचार होता. त्याऐवजी वाडीनिहाय याद्या छापल्या आणि ताईंची बैठक बोलावून नावं मोठ्याने वाचली. “ही आणि वरची एकच”, “हे गेले दिवाळीत”, “ह्यांनी घर बंद केलं, आता पुण्याला” – दोन दिवसांत काम उरकलं. १,६४० नावांतून २६० दुबार निघाली, ९० मृत, ११० कायमचे स्थलांतरित. उरले १,१८०. संगणकाने हे काम इतक्या अचूकपणे कधीच केलं नसतं.

या १,१८० पैकी गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष भेटलेले ५२०. त्यांतल्या ३५४ जणांचा रक्तदाब आटोक्यात. भेटलेल्यांत ६८ टक्के, यादीत ३० टक्के.

समोरचे पर्याय

पहिला, दरपत्रकातलं ॲप. सहा लाख रुपये आणि दरवर्षी देखभालीचा वेगळा खर्च. पडदे सुंदर होते, नकाशा होता, विश्वस्तांसाठी रंगीत फलक होता. पण तीन प्रश्नांची उत्तरं दरपत्रकात नव्हती: रेंज नसताना चालेल का, सगळी माहिती एक्सेल किंवा सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) कधीही काढून घेता येईल का, आणि कंपनी बंद पडली तर मूळ प्रणाली कुणाच्या हातात राहील. विचारल्यावर पहिल्याचं उत्तर ‘पुढच्या टप्प्यात’ असं आलं. खाडीकाठच्या वाड्यांसाठी तिथेच विषय संपला.

दुसरा, पाठपुराव्यासाठीच बनवलेल्या तयार प्रणाली. कॉमकेअर त्यातली जुनी. ‘अवनी’ ही भारतात तयार झालेली मुक्त स्रोत (कुणालाही वापरता-बदलता येणारी) प्रणाली. दोन्हींत एका व्यक्तीची नोंद एकदा करायची आणि प्रत्येक भेट त्या व्यक्तीखाली जोडायची अशी रचना आहे. रेंजशिवाय चालतात, मराठीत करता येतात. मात्र मांडणी करायला सुरुवातीला जाणकार लागतो आणि चालवायला संस्थेत एक जबाबदार माणूस. तो माणूस इथे नव्हता.

तिसरा, कोबो टूलबॉक्स हे फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचं साधन. सामाजिक संस्थांना फुकट सुरुवात करता येते, फोनवर रेंजशिवाय फॉर्म भरता येतो, रेंज आली की पाठवता येतो. एकवेळच्या सर्वेक्षणाला उत्तम. त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाण्यासाठी तो मुळात बनवलेला नाही. जोडाजोड करून चालवता येतो.

चौथा, कागदच ठेवायचा, पण बदलायचा. नोंद वहीत, संगणकावर एकदाच, आणि संगणकातून दर सोमवारी प्रत्येक ताईंना छापील यादी: या आठवड्यात कुणाकडे जायचं.

विश्वस्तांचा कल पहिल्याकडे होता. त्यामागचं कारण नाकारण्यासारखंही नव्हतं: पैसे फक्त ॲपसाठी मिळत होते, बॅटऱ्या आणि छपाईसाठी नव्हे. निधीची रचनाच संस्थांना अशी खरेदीकडे ढकलते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शेवटी कंपनीला लेखी विचारलं की हीच रक्कम ‘माहिती व्यवस्था’ या शीर्षाखाली, टप्प्याटप्प्याने वापरू का. कंपनीने होकार दिला. हे पत्र आधीच गेलं असतं तर दोन महिने वाचले असते.

चौथा पर्याय आधी, तीन महिने. मग जमलं तर फोन. असं ठरलं.

काय केलं

*क्रमांक.* प्रत्येक रुग्णाला एक कार्ड आणि त्यावर क्रमांक. क्रमांकात गावाचा किंवा ताईंचा संकेत घातला नाही, कारण माणसं वाडी बदलतात आणि ताईही बदलतात. चार अंक आणि पुढे एक पडताळा अंक. पडताळा काढायची रीत: चार अंकांना अनुक्रमे ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि त्या बेरजेत जे मिळवल्यावर ११ ने भाग जातो तो पडताळा. १२७४ साठी ५ + ८ + २१ + ८ = ४२, त्यात २ मिळवले की ४४; म्हणून कार्ड क्रमांक १२७४-२. पडताळा १० येईल ते क्रमांक छापायचेच नाहीत. शीटमध्ये क्रमांक टाकताना ४ चा ८ झाला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली तर चौकट लगेच लाल होते. एकाच क्रमांकाचे दोन स्टिकर छापले: एक कार्डावर, एक वहीत. आधार क्रमांक कुठेही घेतला नाही. त्याची गरज नव्हती, आणि नसलेली माहिती फुटत नाही.

*वही.* रकाने वाढवले नाहीत, बदलले. ‘वय’ काढून जन्मवर्ष. रक्तदाबासाठी वरचा-खालचा असे दोन स्वतंत्र चौकोन. ‘गोळ्या कुठून’ हा नवा रकाना: संस्था, सरकारी केंद्र, खासगी, बंद. शेऱ्यातली नेहमीची वाक्यं पाच खुणांत आणली: घरी नाही, मुंबईत (परत कधी), गोळी बंद, कायमचे स्थलांतरित, मयत. मोकळा शेरा तरीही ठेवला. वहीत सगळीकडे देवनागरी अंकच, हा नियम झाला. पावसात शाईपेनाची अक्षरं ओघळतात म्हणून बॉलपेन आणि प्रत्येक वहीला जाड प्लॅस्टिकची चेनची पिशवी.

*शीट.* गूगल शीटमध्ये दोनच पानं भरायची: एक व्यक्तींचं, एक भेटींचं. व्यक्तीची माहिती भेटींच्या पानावर पुन्हा लिहायची नाही, तिथे फक्त कार्ड क्रमांक. तिसरं पान आपोआप तयार होतं. प्रत्येक क्रमांकासाठी शेवटच्या भेटीची तारीख ‘मॅक्सइफ्स’ (अटीत बसणाऱ्यांतलं सर्वांत मोठं मूल्य देणाऱ्या) सूत्राने काढायची, आजच्या तारखेतून वजा करायची, आणि ‘मुंबईत’ किंवा ‘मयत’ खूण असेल तर नाव वगळायचं.

*यादी.* दर सोमवारी सकाळी प्रत्येक ताईंसाठी एक पान. वर ज्यांचं शेवटचं वाचन १६०/१०० किंवा जास्त, मग ज्यांना ४५ दिवसांहून अधिक झाले, मग या आठवड्यात ज्यांची पाळी. मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिल्या. १८०/११० किंवा त्यापुढे गेलं तर यादीची वाट न बघता त्याच दिवशी फोन. नाव, वाडी, शेवटची तारीख, शेवटचं वाचन, आणि लिहायला एक रिकामी चौकट. एका पानावर पंचवीसपेक्षा जास्त नावं नाहीत. यादी लांबली की ती कुणी बघत नाही.

पहिले तीन आठवडे यादी फसली. नोंद मागे राहिल्यामुळे कालच भेटून आलेल्या माणसाचं नाव ‘६० दिवस झाले’ म्हणून छापून यायचं. त्याहून वाईट म्हणजे पर्यवेक्षकांनी याद्या हातात घेऊन बैठकीत विचारायला सुरुवात केली की एवढी नावं का राहिली. एका ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं, “सर, ही आमची हजेरी असेल तर मी सगळ्यांपुढे १३०/८० लिहून देते.” दोन नियम त्यानंतर झाले. शनिवारपर्यंतची नोंद पूर्ण झाल्याशिवाय सोमवारी यादी छापायची नाही. आणि नावांची यादी ताईंकडेच राहणार, बैठकीत फक्त ‘कुठे अडलं’ एवढंच बोलायचं. आमच्या मते या दोन नियमांवाचून पुढचं काहीच टिकलं नसतं.

*फोटो.* चौकशीत कळलं की ताई वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲप गटात टाकत. गटात ३० जण, त्यात संस्था सोडून गेलेलेही. आजार, नावं, फोन, सगळं त्यांच्या फोनवर. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात संमती घेताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते आणि मराठी त्यात आहेच. इथे पाच वाक्यांची मराठी सूचना केली: कोणती माहिती, कशासाठी, कोण बघणार, कधी काढून टाकणार, नको असेल तर कुणाला सांगायचं. ताई ती वाचून दाखवतात. फोटो बंद झाले, जुने पुसायला लावले. नाराजी झाली, कारण फोटो हाच ताईंचा ‘काम केल्याचा’ पुरावा होता.

*कंपनीला कळवणं.* ३० टक्के हा आकडा कळवायचा की नाही यावर विश्वस्तांत दोन तट पडले. एक मत असं की पुढच्या वर्षापासून नवी पद्धत लावू, जुन्यावर बोलायला नको. दुसरं मत जिंकलं. पत्रात दोन्ही आकडे, दोन्ही छेद आणि शंभर जणांचं वरचं उदाहरण दिलं. कंपनीच्या प्रतिनिधीने प्रश्न बरेच विचारले, निधी थांबवला नाही. असंच होईल याची खात्री कुणालाच देता येत नाही, म्हणून हा निर्णय सोपा होता असं म्हणणं बरोबर नाही.

फोनचा टप्पा

तीन महिन्यांनी चार ताईंना फोनवर नोंद करायला दिली. निवडलं ते कोबो, कारण खर्च नव्हता. व्यक्तींची यादी सीएसव्ही फाइल म्हणून फॉर्मला जोडली. कार्ड क्रमांक टाकला की नाव आणि मागचं वाचन समोर येतं.

अडचणी अपेक्षित ठिकाणीच आल्या. यादी बदलली की फाइल पुन्हा चढवावी लागते आणि प्रत्येक फोनवर फॉर्म ताजा करून घ्यावा लागतो. खाडीकाठच्या दोन ताईंच्या फोनवर महिनाभर जुनीच यादी होती. नवे रुग्ण त्यात नव्हते, म्हणून त्यांची नावं हाताने टाइप झाली आणि दुबार नोंदी परत सुरू. भरलेले फॉर्म मसुद्यातच राहायचे. एका फोनवर जागा कमी पडली म्हणून घरच्या कुणीतरी ॲप काढून टाकलं आणि न पाठवलेले फॉर्म त्याबरोबर गेले. वही चालू ठेवली होती म्हणून निभावलं. शेवटी प्रत्येक गुरुवारी सड्यावरच्या शाळेजवळ थांबून ‘पाठवा आणि ताजं करा’ असा रिवाज पडला. तो पाळला गेला की प्रणाली चालते, चुकला की नाही.

याच सुमारास कार्यालयातला एक्सेल जाणणारा तरुण गोव्यात नोकरीला गेला. जाण्याआधी त्याच्याकडून सोमवारच्या कामाचं एक पान लिहून घेतलं होतं: कोणती चौकट दाबायची, लाल दिसलं तर काय, महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्याची प्रत कुठे ठेवायची. लेखापाल बाईंनी त्या पानावरून पुढच्याच सोमवारी यादी छापली. सूत्रात बदल करायची वेळ आली तेव्हा मात्र बाहेरून मदत घ्यावी लागली.

वर्षभरानंतर

यादीत आता १,२१० जण. गेल्या तीन महिन्यांत भेटलेले ८४७, म्हणजे ७० टक्के. आधी ४४ होते. रक्तदाब आटोक्यात असलेले ५१७. यादीच्या ४३ टक्के, आधी ३०.

भेटलेल्यांतच मोजलं तर मात्र ६८ वरून ६१ वर घसरण दिसते. हे बिघाडाचं लक्षण नाही. गोळ्या सोडून घरी बसलेली माणसं पुन्हा यादीत आली, मोजली गेली, आणि त्यांचा रक्तदाब जास्त होता. जुन्याच पद्धतीने अहवाल गेला असता तर कंपनीला काम बिघडलं असं वाटलं असतं. ‘भेटले नाहीत’ हा आकडा आता अहवालात पहिल्या ओळीत असतो.

सगळं श्रेय यादीला देता येणार नाही. त्याच वर्षी एका उपकेंद्रात गोळ्या नियमित मिळू लागल्या, आणि त्या भागातली सुधारणा इतरांपेक्षा जास्त आहे. ‘गोळ्या कुठून’ हा रकाना होता म्हणून एवढं तरी वेगळं करून सांगता येतं.

‘मुंबईत’ या खुणेचा उपयोग कुणी धरला नव्हता इतका झाला. गणपतीआधी ती यादी काढली, मागच्या वर्षी सणानंतर कोण मुलांबरोबर गेलं ते पाहिलं, आणि डॉक्टरांच्या संमतीने त्यांना निघण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि मुलासाठी एक चिठ्ठी दिली. परत आल्यावर गोळी बंद झालेली माणसं त्यामुळे कमी सापडली.

जमलं नाही ते मच्छीमार वाड्यांत. पन्नाशीच्या आतले पुरुष तिथे अजूनही यादीत ‘घरी नाही’ म्हणूनच येतात. जून-जुलैत तिथे तपासणीचा जोर लावला, पण ऑगस्टमध्ये बोटी गेल्या की पाठपुरावा तुटतो.

पुन्हा करायचं झालं तर

बॅटऱ्या, यंत्रांची वर्षातून एकदा पडताळणी आणि ताईंचा प्रवासखर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. मोजमाप बिघडलेलं असताना वरची प्रणाली कितीही चांगली असो, ती चुका वेगाने पोचवते.

कागदाचा टप्पा वगळू नये, पण तीन महिने कमी पडले. एक पूर्ण पावसाळा आणि एक गणपती त्यात यायला हवा होता. नोंदी कधी तुटतात, हे त्याच काळात कळतं.

फोनच्या टप्प्याला कोबो निवडणं स्वस्त दिसलं, पडलं महाग. दुबार नोंदी निस्तरण्यात गेलेले दिवस धरले तर पाठपुराव्यासाठी बनवलेली प्रणाली थेट घेऊन तिच्या मांडणीवर निधीतले काही पैसे खर्च करणं शहाणपणाचं ठरलं असतं. संस्था आता ‘अवनी’कडे वळण्याच्या विचारात आहे आणि या वेळी आधी दोन माणसं शिकवून तयार करते आहे, एक नव्हे.

आरोग्य केंद्राशी बोलणं फार उशिरा झालं. त्यांच्याकडे गोळ्या दिल्याच्या तारखा आहेत, संस्थेकडे घरी मोजलेली वाचनं. महिन्यातून एकदा आशाताई आणि संस्थेच्या ताई एकत्र बसून फक्त दोघींनाही न भेटलेल्यांची नावं जुळवतात, असं एका उपकेंद्रात तोंडी ठरलं आहे. नावांची देवाणघेवाण कुणाच्या संमतीने आणि कोणत्या कागदावर, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी लेखी ठरायचं बाकी आहे. तोवर याद्या दोन्ही बाजूंनी वाचूनच दाखवल्या जातात, हातात दिल्या जात नाहीत.